चाळीसच्या काट्यावर रोहू-कतला

…आता तुमीच सांगा, उतारावर सायकलवाला मांगून येते, मले ओलांडून पुढं जाते, अन् जाता जाता मान वळवून इचारते काय, "काहून बे धनराज, पेट्रोल संपलं का?" सायकलवाला! तोबी बिना घंटीचा! अन् माह्या बुडाखाली नवी कोरी मोटरसायकल, सीटवरची पन्नी अजून निघाली नाही, हॅन्डलले हार वाळून राहिला, अन् काटा कुठी? तं चाळीसवर. चाळीस म्हणजे चाळीस! एकेचाळीस झालं का पाठीत बोट टोचते. बोट कोणाचं? आमच्या बाबाचं! इतवारी बाबाचं! अन् बोटामागून वाक्य ठरलेलं, "हळू बे, गाडी नवी हाये ना!"

हे "गाडी नवी हाये ना" मी या उन्हाळ्यात इतक्यांदा ऐकलं, इतक्यांदा ऐकलं, का झोपीत कूस बदलतानीबी वाटे, हळू बदला, कोणी टोचन.

थांबा, तुमाले पयलेपासून सांगतो, नाहीतर तुमी म्हणसान का हा उगाच रडून राहिला. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या काठी. जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं गाव वर माळावर बसलं, पण धंदा तोच, मच्छीचा. आधी नदीत जाळं टाकत होतो, आता धरणात टाकतो. अन् तिकडं लाखनीले, हायवेवर, कैलाशभाऊचा धाबा हाये. रायपूरकडं जाणारे ट्रकवाले, नागपूरकडं जाणारे ट्रकवाले, सारे तिथं मच्छी-भातासाठी थांबतेत. तं हा कैलाशभाऊ एका दिवशी मले म्हणते, "धनराज, भायेरून बर्फात येणारी मच्छी खाऊन गिऱ्हाईक कंटाळलं बे. तू मले धरणाची ताजी आणून देशीन का? सकाळी दहाच्या आत, थंडगार, डोळे कसे चमकून राहिले पायजे तिचे! उन्हाळाभर पाहतो तुले. जमलं, तं बारमाही तुहीच मच्छी, दुसऱ्याचा डब्बा मी खाली उतरवू देणार नाही."

बारमाही! अहो, मच्छीवाल्याले बारमाही गिऱ्हाईक म्हणजे काय असते ते तुमाले नाही समजणार. बाजारात बसायचं, पानी शिंपडत राहायचं, माश्या हाकलत राहायचं, अन् दुपार झाली का येईन त्या भावात देऊन टाकायचं, यातून सुटका! ज्योत्सना, म्हणजे माही बायको, ते तं ऐकल्या ऐकल्या म्हणे, "मंग सायकलीनं जासान का लाखनीले? घ्या ना गाडी!" घेतली. सारा खेळ त्या धाब्यासाठी, हे ध्यानात ठेवा.

अन् इथंच फसलो ना मी! कारण गाडी आणाले भंडाऱ्याले गेलो तं बाबाले सोबत नेलं. शोरूममंधी एक पोरगा, गळ्यात टाय, आतमंधी गारेगार मशीन चालू, अन् बोलते कसा, "सर, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. इंजिन नवीन असतं, आतले भाग एकमेकांवर घासून आपापली जागा धरतात. वजन जास्त नको. आणि सर, इंजिन तापू द्यायचं नाही."

तापू द्यायचं नाही! मे महिन्यात! भंडारा जिल्ह्यात! अरे बाबू, तू त्या गारेगार मशीनीच्या खाली उभा राहून बोलून राहिला, भायेर ये ना जरासा! आमच्या इथं दुपारी छतावरच्या टाकीचं पानी अंगावर घेतलं तं माणूस नाचत मोरीच्या भायेर येते! जिथं पानी तापते, माती तापते, माणसाचं डोकं तापते, तिथं पेट्रोल पिणारं लोखंड तापू द्यायचं नाही म्हणे!

पण माहं कोण ऐकते? बाबाच्या कानात त्या पोऱ्याचं एकच वाक्य जाऊन बसलं. आतले भाग आपापली जागा धरतेत. परत येतानी एसटीत, नाही, गाडीवरच येऊन राहिलो होतो, चाळीसनं, एसटी तं कवाचीच पुढं निघून गेली होती, तं बाबा मागून म्हणतेत, "धनराज, हे तं डोंग्यासारखंच झालं बे."

म्या म्हटलं, "कसं काय?"

"अरे, नवा लाकडी डोंगा केला का आपण लगेच जाळं घेऊन बसतो का त्याच्यात? नाही ना? आधी त्याले काठाच्या पाण्यात बुडवून ठेवतो. दगडं भरून. लाकूड फुगते, फटी बुजतेत, आपली जागा धरतेत. नव्या डोंग्यात आधी पानी बसते, मंग माणूस बसते."

म्या म्हटलं, "हो हो, तसंच." अहो, मले काय मालूम! म्हातारा माणूस बोलून राहिला, हो म्हणून टाकलं! दुसऱ्या दिवशी पहाटे उठतो तं आंगणात गाडी नाही. चाबी खुंटीले नाही. बाबा खाटेवर नाहीत. धावत धावत काठावर जातो तं काय पाहतो… बाबा धोतर खोचून पाण्यात उभे, अन् त्याइच्या बाजूले माही गाडी, चाकं अर्धी पाण्यात, अन् बाबा तिले मायेनं पुढं ढकलून राहिले! सायलेन्सरले पानी लागाले चार बोटं उरली होती, तुमची शप्पथ, चार बोटं! म्या तिथूनच बोंब मारली, "बाबा, काय करून राहिले?" तं शांतपणानं म्हणतेत कसे, "बोंबलू नको. दिवसभर ठेवतो, संध्याकाळी काढतो. गाडी नवी हाये ना!"

काढली भायेर. ज्योत्सना पदर तोंडाले लावून हसून राहिली, मी चाकाचा गाळ पुसून राहिलो, अन् बाबा फुगून बसले, का आपल्या अनुभवाले घरात किंमत नाही. शेवटी तडजोड झाली. गाडी बुडवायची नाही, पण ओली ठेवायची. ओली कशी? तं बारदाना भिजवून टाकीवर घालायचा. अन् रस्त्यात सावली दिसली का थांबायचं, इंजिनले हवा खाऊ द्यायची. अन् हे सारं बरोबर होऊन राहिलं का नाही, हे पाहाले बाबा स्वता मागं बसतीन.

म्या म्हटलं, "बाबा, वजन नको म्हणला ना तो पोट्टा?"

तं मलेच उलटं, "मी काय वजन हावो का बे?"

सांगा आता! बसवलं त्याइले मागं!

तं निघाली आमची सवारी. मच्छीचा थर्माकोलचा डब्बा, त्यात बर्फ, त्यात रोहू-कतला, डब्ब्याच्या पुढं बाबा, बाबाच्या पुढं मी, माह्या पुढं ओला बारदाना. गाडी कायची, वरातच ती! अन् गंमत पाहा, सकाळी थंड हवा असते ना, तवा गाडी कशी गुणगुणत चालते. पन्नास मागते, साठ मागते, मुठीखाली वळवळते, म्हणते सोड ना मले, सोड! अन् मी तिले धरून ठेवतो. अन् जवा नऊ वाजतेत, ऊन चढते, डांबर मऊ होते, तवा हेच गाडी अशी धापा टाकते जशी काही डब्बा हिच्या डोक्यावर हाये. म्हणजे चालायची इच्छा असते तवा परवानगी नाही, अन् परवानगी भेटन तवा इच्छा नाही. आमच्या सारखंच की!

अन् कुत्रे! कुत्र्याइचं तं सांगूच नका. बर्फ वितळते, डब्ब्यातून मच्छीचं पानी गळते, ते पडते सायलेन्सरवर, छन्न करते, अन् असा वास सुटते जसा काही कैलाशभाऊचा धाबाच चालून राहिला रस्त्यानं. मंग काय, प्रत्येक गावचं कुत्रं मागं! तुमची गाडी साठनं जाते तं कुत्रं दोन खेपा भुंकते अन् हार मानते. चाळीसनं जा, कुत्रं हारतच नाही! बाजूनं धावते, अन् माह्याकडं पाहून राहते. एका कुत्र्यानं तं दुसऱ्या गावच्या कुत्र्याच्या हवाली केलं आमाले अन् मंगच वापस गेलं.

बरं, बाबाले काटा वाचता येत नाही म्हणून मी सुरुवातीले थोडी चालाखी केली. हळूच पंचेचाळीस. पाठीत बोट! म्या म्हटलं, कसं समजलं याइले? तं खांद्यावरचा दुपट्टा! चाळीसपर्यंत दुपट्टा खांद्यावर गुमान बसून राहते. त्याच्या वर गेलं का त्याची शेव, म्हणजे टोक, फडफडते. शेव फडफडली का बोट! कंपनीनं हजारो रुपयाचं मीटर लावलं, अन् आमचं मीटर बाबाच्या खांद्यावर.

तिकडं आमच्या गावचा बाबुलाल मेकॅनिक, तो भेटला एकटा, तं म्हणते, "चाळीस? अरे खींच उसको! नव्या गाडीले आत्ताच ताणली नाही तं जन्मभर मठ्ठ राहीन तुही गाडी. पिकअपच नाही येणार!" म्या म्हटलं, चला, कोणीतरी भेटला आपला. दुसऱ्या दिवशी बाबाले घेऊनच गेलो त्याच्याकडं, म्हटलं, सांग बाबुलाल, काल काय सांगून राहिला होता? बाबुलालनं बाबाकडं पाहिलं. बाबानं बाबुलालकडं पाहिलं. अन् बाबुलाल पाना पुसत म्हणते, "काका, पस्तीसनं चालवा. गाडी नवी हाये ना."

मंग लाखनीले पोचाले दहा वाजतीन का कधी? कधी साडेदहा, कधी अकरा. कैलाशभाऊ धाब्याच्या दारात कमरेवर हात देऊन उभा. डब्बा उघडे, मच्छीचा कल्ला उचलून पाहे, डोळ्यावर बोट दाबून पाहे, जशी काही पोरगी पसंत कराले आला, अन् म्हणे, "ताजी हाये बे, पण टाईमानं आण ना! माहा मसाला कवाचा वाट पाहून राहिला." म्या म्हणावं, "भाऊ, गाडी नवी…" तो म्हणे, "माहीत हाये!"

फक्त एक दिवस, एकच दिवस! आभाळ आलं होतं, वारा सुटला होता, हवेत असा गारवा का मे महिना वाटेच ना. त्या दिवशी गाडी अशी चालली, अशी चालली, का चाळीसातच सुख भेटलं. ना धाप, ना तापणं. अन् सावलीत थांबायची गरज नाही, कारण सारंच सावली! पावणेदहाले लाखनी! बर्फ जसाच्या तसा! कैलाशभाऊनं माही पाठ थोपटली, अन् म्हणे, "आता रविवारी लग्नाची एक बस जेवाले थांबणार हाये माह्याकडं. त्या दिवशी असाच ये. आला, तं बारमाहीचं पक्कं समज."

ज्योत्सनाले सांगितलं तं तिनं त्या रात्री चहात साखर दुप्पट टाकली. एवढा आनंद!

अन् रविवार उजाडला तो कसा? वारा बंद. पान हालत नाही. सकाळी सातलेच ऊन असं का कावळे नळाखाली. त्यात जाळं बुडाशी अडकलं, सोडवाले टाईम गेला, वजनाले टाईम गेला, निघाले उशीर. म्या ठरवलं, आज बाबाले न्यायचंच नाही. डब्बा बांधून वळतो तं बाबा सीटवर बसलेले. दुपट्टा खांद्यावर. तयार!

म्या म्हटलं, बसा, आज दुपट्टा फडफडणार! गाव सोडलं अन् मूठ पिळली. पन्नास! बोट. पंचावन्न! दोन बोटं. साठ! बाबा मागून वरडून राहिले, "अबे धनराज, अबे पोट्ट्या, जागा नाही धरली तिनं अजून!" मी ऐकतोच कायले? डोळ्यासमोर धाबा, धाब्यासमोर बस, बसमंधी नवरदेव, सारे भुके! अन् सांगतो तुमाले, इतके दिवस जी गाडी सोड मले, सोड मले करे, तिले सोडलं तं अर्ध्या रस्त्यात, चढावर, ऐन उन्हात… घुर्र… घुर्र… खट्ट. बंद! किक मारली, बटण दाबलं, विनवण्या केल्या, काहीच नाही. बाजूले चिंचेचं झाड होतं, तिथपर्यंत ढकलत नेली.

बाबानं इंजिनाजवळ हात नेला अन् चटका बसल्यासारखा मागं घेतला. म्हणतेत, "ताप भरला इले." एवढंच. रागावले नाही, बोट टोचलं नाही. मी फोन काढून बाबुलालले लावून राहिलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. खळ्ळ! वळून पाहतो, तं बाबानं डब्बा उघडला, अन् दोन्ही हातानं बर्फ काढून काढून इंजिनवर रचून राहिले! छन्न! फस्स! वाफच वाफ! टाकीवर बर्फ, सीटवर बर्फ, जसं काही आजारी लेकराच्या कपाळावर घड्या ठेवून राहिले!

"बाबा! इंजिन तडकन ना! अन् मच्छी? मच्छी मरन!"

तं म्हणतेत, "मच्छी मेलेलीच हाये."

"सडन ना पण! कैलाशभाऊ! बस! बारमाही!"

तं माह्याकडं पाहून म्हणतेत, "मच्छी उद्या धरणात पुन्हा भेटन. तुही गाडी भेटन का? किती वर्षं सायकल मारली तू, म्या पाहिलं नाही का?"

खोटं कायले बोलू, त्या टाईमाले मले एवढा राग आला होता अन् एवढं रडू आलं होतं, का दोन्हीपैकी आधी काय करावं हेच समजेना. तेवढ्यात फोन वाजला. कैलाशभाऊ! "कुठी हायेस बे? बस आली!" म्या म्हटलं, "भाऊ, अर्ध्या रस्त्यात हावो, बर्फ गाडीले लागला." तो म्हणे, "कोणाले लागला?" म्या म्हटलं, "गाडीले. ताप होता तिले." फोन बंद. बारमाही गेलं. वाफेसारखं गेलं, माह्या डोळ्यासमोर.

अन् ते वाफ पाहूनच बाजूच्या गावातून आली बायाबाई. म्हातारी, पण चाल अशी का रस्ता बाजूले झाला पायजे. तिले वाटलं कोणीतरी रस्त्यावर सैपाक मांडला. येऊन पाहते तं बर्फात बसलेली मोटरसायकल अन् बर्फाबिना उघडी पडलेली रोहू! म्हणते, "हे काय बापा, मच्छी तापून राहिली अन् मोटर गार होऊन राहिली? उलटं झालं ना तुमचं!" अन् मंग कतल्याचा कल्ला उचलून पाहते अन् तिथूनच हाका मारते, "अवं ये वं, धरणाची हाये वं, ताजी!" जमल्या ना साऱ्या! कोणी गंज घेऊन, कोणी घमेलं घेऊन, एक तं दुरडीच घेऊन. रोज हा माणूस समोरून जाते म्हणे, हळूहळू जाते, हात दाखवला तं म्हणते ठेक्याची हाये, अन् आज थांबला एकदाचा! तासाभरात डब्बा खाली. माह्यापाशी तराजू नव्हता, बायाबाईनंच हातानं तोलून भाव लावले, अन् बरोबर लावले. अन् गाडी? डब्बा रिकामा झाला अन् बाबानं बटण दाबलं, तं सुरू! पहिल्या झटक्यात! जसं काही झालंच नाही!

दुसऱ्या दिवशी म्या म्हटलं, जातो कैलाशभाऊकडं, पाय धरतो, मनवतो. चिंचेपाशी पोचतो तं बायाबाई उभी. मागं बारा जणी. म्या म्हटलं, आजी, ही धाब्याची हाये. ते म्हणे, "धाब्याची होती काल." घेतली. पुढच्या गावाले कोणी सांगितलं देव जाणे, तिथंबी बाया उभ्या. त्याच्या पुढच्या गावाले बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर पंगत बसल्यासारख्या बसलेल्या. चाळीसच्या गाडीपुढं आडवं व्हाले माणसाले काय भेव? लाखनीच्या आधीच डब्बा खाली! महिना झाला, म्या लाखनी पाहिली नाही! कैलाशभाऊचा फोन येते मधातून, "अबे, देशीन का थोडीशी?" म्या म्हणतो, भाऊ, तुमच्यापर्यंत पोचत नाही, काय करू!

अन् मंग झाले हो हजार किलोमीटर. गेलो सर्व्हिसिंगले. तोच टायवाला पोरगा म्हणते, "सर, आता इंजिन मोकळं झालं. पळवा बिनधास्त." ऐकलं बाबा? ऐकलं म्हणे. दुपट्टा काढून मांडीखाली दाबून ठेवला त्याइनं स्वता! इतक्या मोठ्या मनाचा माणूस!

दुसऱ्या दिवशी पहाटेची थंड हवा, रस्ता मोकळा, मूठ पिळली. सत्तर! ना थरथर, ना धाप, अशी चालली जशी पाण्यावरून डोंगा! बाबा मागून हसून राहिले, लहान लेकरासारखे! चिंचेपाशी काही लुगडी रंगीत रंगीत दिसली अन् मागं गेली. पुढं दोन कोस जातो तं फोन. बायाबाई! "काहून बे, पैसेवाला झाला का? तिकडं मच्छी अन् इकडं आमी! लेकरं ताट घेऊन बसले, अन् तू उडून चालला?" बाबा म्हणतेत, "फिरव." फिरवली. आता जातो, चाळीसनं जातो, कोणाची घमेली सुटली नाही पायजे म्हणून.

पण येतानी! येतानी डब्बा खाली, बाबा खूश, रस्ता मोकळा, म्या दोन दिवस सत्तरनं आणली गाडी घरी. ऊन चढायच्या आत घरात! वाटलं, आता पंख्याखाली आडवं व्हावं. तं ज्योत्सना दारातच, हातात फाटलेलं जाळं, म्हणते, "अगं बाई, एवढ्या लवकर आले? बरं झालं. बसा, हे शिवून टाका."

तिसऱ्या दिवसापासून… तुमाले म्हणून सांगतो, घरी बोलू नका… मी येतानीबी हळूच येतो. अन् कोणी इचारलं तं बाबाच सांगतेत, "उन्हाळा हाये ना, गाडी तापते."